गुणाक्काचं माप

बेळगावच्या वडगावात आता हातमाग मोजकेच उरलेत. गल्लीत दिवसभर खडखडतात ते सगळे पॉवरलूम. त्यामुळे सिनेमावाले हातमाग शोधत आले तेव्हा विणकर सोसायटीतल्या माणसानं त्यांना सरळ बाळाबाईचं घर दाखवलं. बाळाबाई पंचावन्न वर्षांची. नवरा गेल्यावर मुलानं दोन पॉवरलूम घातले, पण मागच्या खोलीतला खड्ड्याचा माग तिनं काही मोडू दिला नाही. ओळखीतल्या कुणी मागितलीच तर वर्षाकाठी दोन-तीन साड्या काढायची.

दिग्दर्शक मंथन पुण्याचा, तिशीतला, बोलायला मवाळ. त्यानं काय हवंय ते सांगितलं. नायिकेला पंधरा दिवसांत माग चालवायला शिकवायचं. विणल्याचं नाटक नको, खरोखर वीतभर कापड विणता आलं पाहिजे. शिवाय तिच्या तोंडात इथली बोली बसवायची.

बाळाबाईची सून सौम्या हरखून गेली. सिनेमा ज्या कादंबरीवर निघत होता ती 'दोन बोटं' तिनं दोनदा वाचली होती. बेळगावातल्या वाचनालयात त्या पुस्तकासाठी महिनामहिना नंबर लावून थांबावं लागायचं. लेखक नागोजी मास्तर, टिळकवाडीत राहणारे निवृत्त शिक्षक. बाळाबाईला पुस्तकाचं वेड नव्हतं. चार ओळी वाचल्या की तिच्या डोळ्यांवर झापड यायची.

"काय हाय त्यात एवढं?" तिनं विचारलं होतं.

"सांगितलं तर मजा जाईल, अत्ती," सौम्या म्हणाली. तिचं माहेर गोकाककडचं, कानडी, त्यामुळे सासूला अत्तीच म्हणायची. "भीतीदायक आहे. पण भूत न्हाय त्यात."

नायिकेचं नाव शर्वाणी. पोरगी कष्टाळू निघाली. पहिल्या दिवशी खड्ड्यात पाय सोडून बसल्यावर तिच्या मांड्या भरून आल्या, पण उठली नाही. आडवा धागा नेणारा धोटा फेकायला दोन दिवसांत जमलं. बोलणं मात्र जमेना. "मी जाते" असं म्हणायची.

"जातो म्हण," बाळाबाई सांगायची. "आमच्यात बायका बी मी जातो, मी येतो, असंच म्हणत्यात."

"पुरुषांसारखं?"

"पुरुषच आमच्यासारखं म्हणत असतील," बाळाबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

पाचव्या दिवशी मंथन म्हणाला की आज एक प्रसंग करून बघू. शर्वाणीनं दोन बोटं विणायची, मग उठण्याआधी कापड मोजायचं. विणलेलं कापड गुंडाळतात त्या रुळापासून शेवटच्या धाग्यापर्यंत बोटं लावत न्यायची. मग काठावर, अगदी शेवटच्या धाग्याला, कुंकवाचा ठिपका लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघायचं, तर ठिपका नाही आणि कापड दोन बोटं कमी.

शर्वाणीनं कुंकवात बोट बुडवलं आणि बाळाबाई उभी होती तिथंच भिंतीला टेकली.

"मावशी, असंच करतात ना?" मंथननं विचारलं.

"असं कोण करत न्हाय," बाळाबाई म्हणाली. "विणणारी बाई कुंकवाची खूण कशाला लावंल? साडीला डाग पडतो." मग म्हणाली, "एकच बाई करायची."

कोण, ते तिनं सांगितलं नाही. पाय दुखतोय म्हणून ती आत गेली. मग सौम्याला स्वयंपाकघरात बोलावून तिनं दार लोटून घेतलं. "त्या पुस्तकात काय हाय ते सगळं सांग. शेवट बी सांग."

सौम्यानं सांगितलं. वडगावासारख्याच एका गावात एक विणकर बाई. तिचं विणलेलं कापड रोज सकाळी दोन बोटं कमी भरतं. लाल धाग्याची कांडी भरून ठेवावी तर धोट्यात हिरवी निघते. ती घरच्यांना सांगते, कुणाला पटत नाही. हळूहळू तिलाच वाटायला लागतं की आपलं डोकं फिरलंय. वाचणाऱ्यालाही तसंच वाटतं. शेवटच्या तीस पानांत कळतं की नवराच पहाटे उठून धागे काढत होता. त्याला दुसरी बाई आणायची होती. बायको वेडी ठरली की त्याला कुणी नाव ठेवणार नव्हतं.

बाळाबाईनं पदर तोंडाशी धरला. सौम्याला वाटलं सासूला गोष्ट आवडली.

बाळाबाईची थोरली बहीण गुणाबाई. सगळे तिला गुणाक्का म्हणत. चोवीस वर्षांपूर्वी तीन गल्ल्या पलीकडं ती नवऱ्याबरोबर, भरमूबरोबर, राहायची. भरमू शांत माणूस होता, आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही. गुणाक्का विणण्यात बाळाबाईच्या दहा पट सरस. एका श्रावणात ती बाळाबाईकडं आली आणि म्हणाली, "माझं कापड कमी व्हायलंय गं. संध्याकाळी मोजतो, सकाळी दोन बोटं कमी." बाळाबाई म्हणाली, मोजायला चुकली असशील. गुणाक्का परत गेली आणि कुंकवाची खूण लावायला लागली. आठवड्यानं आली ती रडतच. खूण नाहीशी होत होती.

पुढं भरमूच बाळाबाईकडं आला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, तुझी बहीण काय तरीच बोलती, घरात लहान पोरगं हाय, मला भ्या वाटतंय. बाळाबाई त्या दोघांबरोबर डॉक्टरकडं गेली. डॉक्टरनं तिला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, "विसरती. आणि मनानंच काय तरी धरून बसती." डॉक्टरनं ते लिहून घेतलं. दोन महिन्यांत गुणाक्काला निपाणीला भावाकडं, रवळूकडं, सोडून आले. सहा वर्षांचा साईराज बापाजवळ राहिला. वर्षानं भरमूनं खानापूरकडची दुसरी बाई केली. गल्ली म्हणाली, बिचाऱ्यानं तरी काय करावं. भरमू चार वर्षांपूर्वी वारला. गुणाक्का निपाणीतच राहिली, रवळूच्या मागच्या खोलीत, विड्या वळत आणि गोळ्या खात.

कुंकवाच्या खुणेचं तिघांनाच माहीत होतं. गुणाक्काला, बाळाबाईला आणि भरमूला.

"ह्या मास्तराला कुणी सांगितलं?" बाळाबाईनं विचारलं.

सौम्यानं पुस्तकाच्या मागचा फोटो दाखवला. बाळाबाई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. केस गेले होते, गाल सुटले होते, पण नाक तेच होतं. भरमूच्या घरी माडीवर भाड्यानं राहणारा, खानापूरच्या शाळेत नोकरीला जाणारा मास्तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सौम्याला घेऊन टिळकवाडीला गेली. मास्तरांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. मास्तरांनी दार उघडलं आणि सिनेमाचं नाव काढताच हसून आत बोलावलं. खुर्चीत बसल्यावर बाळाबाई म्हणाली, "मला वळखलासा काय? मी गुणाबाईची बहीण."

मास्तरांचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"तुम्ही काय बघितलासा?" तिनं विचारलं.

मास्तर सावकाश बोलायला लागले. खानापूरची गाडी धरायला ते पहाटे साडेपाचला निघायचे. जिना मागाच्या खोलीवरून उतरायचा. एकदा झरोक्यातून दिवा दिसला म्हणून वाकून पाहिलं, तर भरमू मागावर बसलेला. त्यांना वाटलं, विणतोय. चार दिवसांनी पुन्हा दिसला, तेव्हा लक्षात आलं की तो धागे बाहेर काढून कांडीला गुंडाळतोय. "त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही," ते म्हणाले. "लागला तोवर तुमच्या बहिणीला निपाणीला नेलं होतं."

"मास्तर," बाळाबाई म्हणाली, "खरं सांगा."

आत त्यांच्या बायकोनं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"नेलं नव्हतं," ते म्हणाले. "तुमची बहीण अंगणात येऊन रडायची तेव्हाच मला कळलं होतं. त्यानंतर मी आणखी तीनदा बघितलं. बायको बाळंतपणाला गेलेली, दुसरी खोली मिळत नव्हती. लोकांच्या घरातलं आपण कशाला बोला, असं वाटलं. उद्या सांगू, परवा सांगू, करत राहिलो. मग एक दिवस रिक्षा आली आणि त्या गेल्या. वीस वर्षं ते डोक्यातून गेलं नाही. शेवटी लिहिलं. लिहिल्यावर वाटलं, आपण सांगितलं एकदाचं."

"कुणाला सांगितलासा? तिनं तर वाचलंच न्हाय. ती अजून गोळ्या खाती."

मास्तरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातलाच नाही.

शिकवणी संपून बाळाबाईच्याच मागावर शूटिंग सुरू झालं होतं, आणि आता शेवटचे चार दिवस उरले होते. मंथननं बाळाबाईला सांगितलं, आता शर्वाणीला विणलेलं भराभर उकलायला शिकवा.

"ती कशाला उकलंल?" बाळाबाईनं विचारलं. "नवरा उकलतो न्हवं?"

"पुस्तकात नवरा. पण मावशी, पुस्तक सगळ्यांनी वाचलंय. शेवट माहीत असताना लोक तिकीट कशाला काढतील? म्हणून आपण बदललंय. सिनेमात नवरा शेवटपर्यंत संशयात राहतो, आणि मग कळतं की तीच झोपेत उठून स्वतःचं कापड उकलते."

"म्हंजे ती येडीच."

"आजारी," मंथन म्हणाला. "प्रेक्षक खुर्चीला खिळतील."

बाळाबाईनं त्याला आत बसवून सगळं सांगितलं. बहिणीचं, भरमूचं, मास्तरांचं. मंथन मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं. पण पटकथा ठरलेली होती, निर्मात्याला हाच शेवट आवडला होता, आणि मास्तरांनी बदलाला लेखी होकार दिला होता.

"मग मी न्हाय शिकवणार," बाळाबाई म्हणाली. "विणायला शिकवतो म्हटलतो. हे न्हाय."

तिनं माग द्यायलाही नकार दिला. ते शहापुरातल्या दुसऱ्या एका मागावर गेले आणि दृश्य करून आले. शर्वाणीला काही अडलं नाही. चुकलेला धागा कसा काढायचा ते बाळाबाईनंच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. जाताना शर्वाणी भेटायला आली, पाया पडली आणि गेली.

रविवारी बाळाबाई निपाणीला गेली. गुणाक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. साठीची, बारीक झालेली, पण बोटं तशीच चपळ. आत कुकरची शिट्टी झाली. गुणाक्का भावजयीला म्हणाली, "शिट्टी झाली न्हवं गं?" भावजय आतूनच "व्हय" म्हणाली. मग रस्त्यावरून कुणी हाक मारली, तेव्हा तिनं बाळाबाईला विचारलं, "कोण तरी हाक मारलं न्हवं?" चोवीस वर्षं ती असंच विचारत होती, स्वतःच्या कानांनी ऐकलेलंही दुसऱ्याकडून पक्कं करून घेत होती. बाळाबाईला आजवर तो आजाराचाच भाग वाटत आला होता. आज तिला बसवेना.

तिनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. गुणाक्काचे हात थांबले नाहीत. पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा. चार-पाच विड्या झाल्या.

"डॉक्टरासमोर मी बी म्हटलतो, विसरती म्हणून," बाळाबाई म्हणाली.

"म्हायती हाय. मी तितंच बसलतो."

बाळाबाईनं मान खाली घातली. गुणाक्कानं आणखी एक विडी बांधून विचारलं, "त्या मास्तरानं कितीदा बघितलं?"

"पाचदा म्हणतो."

"मी चौदा दिस मोजलतो." तिनं सूप बाजूला ठेवलं. "त्याला हितं आण. आणि साईराजला बोलीव. त्याच्यासमोर सांगू दे."

मास्तर आधी म्हणाले, मी सविस्तर पत्र लिहितो. बाळाबाई फोनवर म्हणाली, "तुम्ही लिवतासा लई. बोलायला या." ते आले. साईराजही आला. तो उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर कामाला होता. दिवाळीला आईला साडी देऊन दहा मिनिटांत निघणारा मुलगा. आज कशाला बोलावलंय ते त्याला माहीत नव्हतं. मास्तरांना बघून तो उभाच राहिला. "सर, तुम्ही?" खानापूरहून बदली झाल्यावर मास्तर बेळगावातल्या ज्या शाळेत आले, तिथंच तो नववी-दहावीला होता.

रवळूनं खुर्ची दिली. मास्तरांनी घसा साफ केला. "माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात," त्यांनी सुरुवात केली.

"पुस्तकातलं नको," गुणाक्का म्हणाली. "तुम्ही जिन्यावर कुठं हुभं होता, तेवढं सांगा."

"खालून चौथ्या पायरीवर. तिथून झरोका येतो."

"मागावर कुठली साडी होती?"

मास्तरांनी डोळे मिटले. "जांभळी. काठ... काठ हिरवा होता. बारीक."

"बरोबर," गुणाक्का म्हणाली. "कुंकवाच्या खुणेचं तो काय करायचा?"

"खुणेचा धागा वेगळा काढून खिशात घालायचा. बाकीचे कांडीला."

"ते मला कळलं नव्हतं," गुणाक्का म्हणाली. "तो धागा मी खोलीभर शोधलतो." मग तिनं आणखी विचारलं. अंगात काय घालायचा, दिवा कुठला, दार कोणतं उघडं. मास्तर शाळेतल्या पोरासारखी एकेक उत्तरं देत गेले. रवळूची बायको रडत होती. गुणाक्का रडली नाही. ती एखाद्या गिऱ्हाइकानं साडी दोन्हीकडून उलटून बघावी तशी सगळं तपासून घेत होती.

सगळं संपल्यावर साईराज म्हणाला, "सर, दोन वर्षं तुम्ही माझी हजेरी घेतली. साईराज भरमू, असं रोज म्हणायचा. तेव्हा सांगावंसं वाटलं न्हाय?"

"रोज वाटायचं," मास्तर म्हणाले.

साईराज उठून बाहेर गेला. रवळू मागं जायला निघाला, पण गुणाक्कानं त्याला खुणेनं थांबवलं. अर्ध्या तासानं साईराज परत आला. तोंड धुतलेलं होतं, शर्टाच्या बाह्या ओल्या. बापाला अग्नी त्यानंच दिला होता आणि बापाचा फोटो त्याच्या घरात होता. तो आईसमोर खाली बसला.

"मग तू कधी सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की," गुणाक्का म्हणाली. "सगळ्यास्नी सांगितलतो. तुला बी सांगितलतो. तू ल्हान हुतास."

मास्तर निघताना हात जोडून माफी मागायला लागले. गुणाक्का म्हणाली, "चा ठेवलाय, घेऊन जावा." त्यांनी उभ्या उभ्या चहा घेतला.

पुढच्या महिन्यात साईराज आईला बेळगावात एका डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं, जुने कागद पाहिले आणि सांगितलं की इतक्या वर्षांची गोळी एकदम बंद करता येत नाही, हळूहळू कमी करू. एकाची अर्धी झाली.

सिनेमा निघाला. बेळगावात तीन आठवडे चालला, निपाणीतही लागला. शर्वाणीचं पेपरात कौतुक आलं, माग चालवताना ती अस्सल वाटते म्हणून. मास्तरांनी एका वर्तमानपत्रात लेख लिहिला. सिनेमाचा शेवट खरा नाही, खरा शेवट आपण डोळ्यांनी पाहिला आहे आणि पाहूनही गप्प बसलो, असं त्यात लिहिलं. नाव कुणाचं दिलं नाही, गुणाक्कानं तशी अट घातली होती. चार लोकांनी फोन करून त्यांना शिव्या दिल्या, चौघांनी धीट म्हटलं. सौम्या सिनेमा बघून आली आणि घरात त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

बाळाबाईचं मात्र काही सरळ झालं नाही. मास्तरांना चहा देणारी गुणाक्का बहिणीशी बोलेना. बाळाबाई दोनदा निपाणीला गेली. गुणाक्का समोर बसायची, विड्या वळायची, विचारलं तर व्हय न्हाय म्हणायची. फोन भावजयीच्या हातात द्यायची. बाळाबाईनं तक्रार केली नाही. ह्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी ती मागावर बसायची आणि काही न विणता उठायची.

असे सात महिने गेले. एका सकाळी सौम्यानं फोन आणून दिला. पलीकडं गुणाक्का होती.

"बेळगावात हाय मी, साईराजच्या घरात. त्याला मुलगी झाली."

"कवा?"

"मंगळवारी. सुनंची आई आजारी हाय, तिला यायला जमंना. न्हाऊ-माखू घालायला माझ्या एकटीच्यानं हुईना, गुडघं वाकत न्हाईत. तू ये."

"कवा येऊ?"

"आजच ये. जुनं मऊ लुगडं असंल तर घेऊन ये, दुपट्याला."

बाळाबाईनं ट्रंकेतून आईचं लुगडं काढलं, दोनदा झटकलं आणि पिशवीत घातलं. अकराच्या सिटी बसनं ती गेली. साईराजच्या बायकोनं दार उघडलं. आत गुणाक्का स्टुलावर बसली होती. पाणी तापलं होतं. बाळाबाईनं हातपाय धुतले, पदर खोचला आणि पाय पसरून बसली. गुणाक्कानं पोर तिच्या पायांवर ठेवलं. पोर ओरडायला लागलं.

"मान धर," गुणाक्का म्हणाली.

"धरलोय," बाळाबाई म्हणाली, आणि गुणाक्कानं पाणी ओतलं.